गाईजबरो काउंटी, सायकलवर सहा दिवस: कधीच न धावलेल्या रेल्वेवर विसंबू नका

आधी त्या चाळीसेक किलोमीटरांबद्दल लिहितो. ज्याला घाई आहे त्याने एवढंच वाचलं तरी पुरे.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या मुख्य भूमीचं पूर्वेकडचं टोक म्हणजे गाईजबरो काउंटी. आकाराने आपल्या चार-पाच तालुक्यांएवढी, माणसं जेमतेम सात हजार. गाईजबरो गावातून कंट्री हार्बरच्या क्रॉस रोड्सपर्यंत जंगलातून एक वाट जाते, ट्रान्स कॅनडा ट्रेलचाच भाग. "जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, सपाटच असणार, चार तासांत होईल," असं मला तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं होतं. तिघांपैकी एकानेही तिथे कधी सायकल घातली नव्हती, हे परत आल्यावर कळलं. आम्हाला नऊ तास चाळीस मिनिटं लागली. त्यातले दोन-अडीच तास आम्ही सायकलवर नव्हतो, सायकल आमच्या खांद्यावर होती.

मुळात "जुनी रेल्वे" म्हणण्यातच खोट आहे. तिथे रेल्वे कधी आलीच नाही. निवडणूक आली की गाईजबरोला रेल्वेचं आश्वासन, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शेवटी १९३० च्या आसपास सनी ब्रेच्या बाजूने काम निघालं, टेकड्या खोदल्या, भराव टाकले, मोऱ्या बांधल्या, आणि मंदी व राजकारण यांच्या कात्रीत ते बंद पडलं. रूळ पडलेच नाहीत. उरला तो जंगलात सोडून दिलेला मातीचा भराव, त्याचीच पुढे पायवाट झाली. माझ्यासोबतचा निखिल मूळचा बीडचा. रेल्वेची वाट बघण्यात त्याच्या आजोबांची हयात गेली, त्यामुळे हे ऐकून त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्याने फक्त विचारलं, "मग आपण इथे का आलो?"

सुरुवातीचे सहा-सात किलोमीटर झकास आहेत, आणि तिथेच माणूस फसतो. दाबून बसलेली बारीक खडी, दोन्ही बाजूंना स्प्रूस, मध्येच नदी. त्यापुढे एटीव्हीवाल्यांचं, म्हणजे जंगलात चालवायच्या चारचाकी मोटरबाइकवाल्यांचं, राज्य सुरू होतं. त्यांच्या रुंद चाकांनी दोन चाकोऱ्या खोल गेल्यात, मध्ये उंचवटा. पॅनिअर, म्हणजे कडेच्या पिशव्या, लावलेली सायकल चाकोरीतून नेली तर पेडल उंचवट्याला घासतं, उंचवट्यावरून नेली तर मोकळे दगड. वर फियोनाची कृपा. हे चक्रीवादळ २४ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे याच काउंटीत व्हाइटहेडजवळ किनाऱ्यावर चढलं. कॅन्सोजवळच्या हार्ट आयलंडवर दाब ९३२ मिलिबारच्या घरात नोंदला गेला. कॅनडात जमिनीवर आलेल्या कुठल्याही वादळात इतका कमी दाब मोजलेला नव्हता. तेव्हा आडवी झालेली झाडं वाटेवरून कापून काढलीत, पण कडेला त्यांचे ढीग अजून तसेच आहेत, आणि पाणी तुंबायला नवनव्या जागा झाल्यात.

दुपारी दीडच्या सुमारास अशाच एका डबक्यात माझं मागचं चाक गेलं. वरून घोट्याएवढं वाटलेलं पाणी गुडघ्याच्या वर निघालं, रंग कोऱ्या चहासारखा. तळाशी एक फांदी होती. ती चाकाबरोबर फिरून डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, शिरली आणि कट्‌कन आवाज झाला. बिस्किटाचा तुकडा मोडावा तसा हँगर, म्हणजे डिरेलरला फ्रेमशी धरून ठेवणारा तुकडा, मोडला होता आणि डिरेलर चेनला लोंबत होता. निखिलकडे जादा हँगर होता, पण त्याच्या सायकलचा. प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा, हे ज्ञान मला तिथे, गोमाशांच्या ढगात, चिखलात बसून झालं. चेन तोडून, लांबी कमी करून, एका गिअरवर बांधली. पुढचे चार दिवस मी त्या एका गिअरवर काढले, तेव्हा या लेखात पुढे चढांना घातलेल्या शिव्या थोड्या कमी करून वाचा.

गोमाशांबद्दल: जुलैच्या उन्हात त्या थांबलेल्या माणसापेक्षा चालत्या माणसाच्या मागे जास्त लागतात. औषध फवारून माझ्या तरी काही कामाला आलं नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी कामाला येते, ती हेल्मेटवर बसते का हे घरीच बघून घ्या. फोनला रेंज नाही. वाटेत दुकान नाही, नळ नाही.

माझा निकाल: ५० मिलिमीटरच्या वर टायर असतील, सामान कमी असेल आणि क्रॉस रोड्सला कोणी गाडी घेऊन येणार असेल तर जा. एरवी डांबरी रस्त्याने जा, रेल्वेच्या नावाला भुलू नका.

ही वाट दुसऱ्या दिवसाची. आता पहिल्या दिवसाकडे येतो. चालवायला तो सोपा होता, पण मनातून अजून गेलेला नाही.

हॅलिफॅक्सहून गाडीने अडीच-एक तासांत मोनॅस्टरीला आलो, तिथे ओळखीने गाडी लावली. त्याच्या थोडं अलीकडे महामार्गावर पाक्तन्केक लागतं, मिकमाक या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती. १९६० च्या दशकात हा महामार्ग त्यांच्या जमिनीतून असा काढला की समुद्राकडचा आणि जंगलाकडचा भाग एकमेकांपासून तुटले. दोन्ही जोडणारा पूल-रस्ता २०१९ मध्ये झाला. अर्धशतकाहून जास्त काळ लोकांना आपल्याच जमिनीवर जायला वाट नव्हती. आम्ही गाडीतून एका मिनिटात ते ओलांडलं.

मोनॅस्टरीहून रूट १६ दक्षिणेकडे गाईजबरोला जातो. मध्येच लिंकनव्हिल आहे. पाटी दिसली, चार घरं गेली, वळण आलं, संपलं. पर्यटनाच्या पत्रकात या गावाला एक ओळ मिळाली तर नशीब. पण या काउंटीत जमीन कोणाला कशी मिळाली हे समजायचं असेल तर इथेच थांबावं लागतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी गुलामांना सांगितलं, आमच्या बाजूला या, स्वातंत्र्य देऊ आणि जमीनही देऊ. युद्ध हरल्यावर १७८३ च्या सुमारास अशी तीन हजारांच्या आसपास माणसं नोव्हा स्कोशियात उतरली. त्यातले काही १७८४ मध्ये शेडाबक्टो उपसागराच्या काठी, म्हणजे आजच्या गाईजबरोला आले. त्यांच्यातला थॉमस ब्राउनस्प्रिग्ज शिकलेला होता, त्याने अर्ज केला. १७८७ मध्ये ट्रॅकडीच्या बाजूला ७४ कुटुंबांना मिळून ३,००० एकर मंजूर झाले. भागाकार करून बघा, घरटी चाळीस एकर. त्याच युद्धातून आलेल्या साध्या गोऱ्या शिपायाला शंभर एकर मिळायचे, आणि अधिकाऱ्याला त्याच्या कित्येक पट. शिवाय ही जमीन दगडाळ, किनाऱ्यापासून आत. मासेमारीच्या प्रदेशात किनाऱ्यापासून आत जमीन देणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. १७९२ मध्ये प्रांतभरातून बाराशेच्या आसपास कृष्णवर्णीय कंटाळून सिएरा लिओनला निघून गेले. जे राहिले त्यांची वंशावळ आजही लिंकनव्हिल, सनीव्हिल आणि अप्पर बिग ट्रॅकडीत आहे.

गंमत पुढे आहे, गंमत म्हणायचं असेल तर. पुष्कळांच्या ताब्यात जमीन होती, पण कागद नव्हता. आपल्या भाषेत, कसतो मी, पण सातबारा माझ्या नावावर नाही. कागद नाही म्हणून कर्ज नाही, विक्री नाही, वाटणी नाही, मुलांच्या नावावर करणं नाही. प्रांताने २०१७ मध्ये हे कागद सरळ करायची योजना काढली तेव्हा त्यात पाच वस्त्या होत्या. त्यातल्या दोन याच, लिंकनव्हिल आणि सनीव्हिल. १७८७ ते २०१७. मी हा हिशोब सायकल चालवत केला आणि दोनदा चुकलो, कारण आकडा खरा वाटेना.

एवढ्यावर भागलं नाही. १९७४ मध्ये गावापासून किलोमीटरभरावर कचरा डेपो आला. तो भरल्यावर २००६ मध्ये त्याच्याच शेजारी दुसरा, आणि त्यात बाहेरच्या काउंट्यांचाही कचरा. गावाने मोर्चे काढले, अर्ज केले. नोव्हा स्कोशियातली वर्णानुसार वेगळी चालणारी शेवटची शाळा १९८३ मध्ये बंद झाली, तीही याच काउंटीतली. १९८३ म्हणजे आपण वर्ल्ड कप जिंकलो ते वर्ष.

जाणाऱ्यांसाठी: इथे "पाहायला" काही नाही, उगाच लोकांच्या घरांचे फोटो काढत फिरू नका. आम्हाला दुकान दिसलं नाही, पाणी मोनॅस्टरीला भरून घ्या. रस्ता बरा आहे, कडेची पट्टी मात्र कुठे आहे कुठे नाही, आणि लाकडाचे ट्रक जवळून जातात. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

गाईजबरो गाव देखणं आहे. लोकांनी प्रेमाने सांभाळलंय. सर गाय कार्लटनच्या नावावरून काउंटीचं नाव पडलं, १८३६ मध्ये ती वेगळी झाली. त्याच्याही आधी निकोला दनी या फ्रेंच माणसाचं ठाणं इथे होतं. जेवण चांगलं मिळालं. पुढे.

तिसरा दिवस: क्रॉस रोड्सहून स्टॉर्मंट, तिथून दोरखंडावर चालणाऱ्या फेरीने खाडी ओलांडून पोर्ट बिकर्टन, मग शेरब्रुक. एक गिअर आणि चढउतार, त्यामुळे स्टॉर्मंटचा इतिहास मी धापा टाकत वाचला. १७८३ च्या ऐन डिसेंबरात फ्लोरिडातून निघालेली, इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या कॅरोलिनाच्या पलटणींची माणसं, बायकामुलांसह, इथे उतरवली. दक्षिणेच्या उन्हातून थेट नोव्हा स्कोशियाच्या थंडीत, डोक्यावर छप्पर नाही. पुष्कळजण त्या हिवाळ्यातच गेले. राजाशी इमान राखल्याचं हे बक्षीस. आता त्या खाडीच्या काठी सुट्टीची घरं आहेत आणि गवत कापायच्या मशीनचा आवाज.

फेरीबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की ध्यानात ठेवा. निघायच्या दिवशी सकाळी फेरी चालू आहे का ते विचारा. वारा किंवा दुरुस्ती, कशानेही ती थांबते, आणि मग खाडीला वळसा घालून जाण्यात अख्खा दिवस जातो. आम्हाला जाताना मिळाली. परत येताना वाऱ्याने दोन तास ताटकळलो. सावली नाही, बाकडं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं.

शेरब्रुकला १८६१ मध्ये शेजारच्या गोल्डनव्हिलमध्ये सोनं सापडलं आणि झुंबड उडाली. सोनं ओसरलं, गाव झोपलं, १९६९ पासून जुन्या इमारती दुरुस्त करून त्याचं संग्रहालय केलं. लोहार, छापखाना, तुरुंग, सगळं जागच्या जागी, आणि जुन्या पोशाखात माणसं कामं करतात. तिकीट वसूल होतं. अर्धा दिवस ठेवा, दोन तासांत उरकू नका. पण गोल्डनव्हिलकडे जी करडी, सपाट, रेतीची पटांगणं दिसतात तिथे सायकल घालायचा मोह आवरा. ती रेती नाही, खाणीचा उरलेला चुरा आहे. त्यात आर्सेनिक आणि सोनं काढायला वापरलेला पारा आहे. आम्ही एका तरुण जोडप्याला तिथे चादर अंथरताना बघितलं, त्यांना सांगितलं, त्यांनी आमच्याकडे वेड्यासारखं बघितलं.

चौथा दिवस, परत फेरी आणि मग टॉर बेच्या काठाने लॅरीज रिव्हर, चार्लोस कोव्ह, पोर्ट फेलिक्स. ही अकेडियन, म्हणजे इथे आधी वसलेल्या फ्रेंचांच्या वंशजांची गावं. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकेडियन फ्रेंचांना घरंदारं जाळून हाकललं, त्यातले भटकत भटकत काहीजण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे स्थिरावले. आधी चांगल्या शेतजमिनीवर होते, आता खडक आणि मासे. पोर्ट फेलिक्सचं जुनं नाव मोलॅसिस हार्बर, म्हणजे काकवी बंदर. कुठल्या पाद्र्याच्या मानासाठी असलं झकास नाव बदलावं, हे मला पटलेलं नाही. याच किनाऱ्यावर १६०७ मध्ये शांप्लॅन या फ्रेंच दर्यावर्द्याला सावालेत नावाचा एक म्हातारा बास्क (फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा) कोळी भेटला, त्याची इकडची ती बेचाळिसावी खेप होती. म्हणजे वसाहत, किल्ले, राजांचे झेंडे यांच्या कितीतरी आधीपासून हा माणूस दरवर्षी गुपचूप येऊन मासे वाळवून घरी जात होता. त्या दिवशी ऊन होतं, वारा मागून होता, समुद्र उजवीकडे होता. छान गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कॅन्सो. इथे खिसा सांभाळा.

जुलैत इथे स्टॅनफेस्ट नावाचा लोकसंगीताचा महोत्सव भरतो. स्टॅन रॉजर्स हा गायक जन्मला ऑन्टारिओत, पण त्याचं आजोळ इकडचं. १९८३ मध्ये विमानाच्या आगीत तो गेला, १९९७ पासून त्याच्या नावाने महोत्सव होतो. महोत्सव चांगलाच आहे. वाईट हे की त्या आठवड्यात हजाराच्याही आत वस्ती असलेल्या गावात झोपायला जागा नसते, आणि ज्यांच्याकडे असते त्यांना ते ठाऊक असतं. आम्ही एका ठिकाणी फोनवर १४० डॉलर ठरवले होते. पोचल्यावर २१०. का, तर "तो भाव आठवड्याच्या मधल्या वारांचा होता." आज कोणता वार आहे विचारलं, तर मंगळवार. सायकली आत ठेवायचे वीस डॉलर वेगळे. संध्याकाळचे आठ वाजले होते, बाहेर धुकं, पाय मोडलेले, दिले. खोलीत एक खिडकी होती, ती उघडत नव्हती. तंबू होता, पण सकाळी लागलेल्या पावसाने तो ओला होता आणि आमच्यातला ताठरपणा तेव्हा संपला होता. तुम्ही महोत्सवाच्या आगेमागे जाणार असाल तर भाव लेखी घ्या, मेसेजवर घ्या, रक्कम करासकट लिहून घ्या. नाहीतर गाईजबरो गावाजवळच्या बॉइल्स्टनच्या प्रांतीय उद्यानात मुक्काम करा आणि कॅन्सो दिवसाउजेडी बघून परत या.

बघायचं मात्र नक्की. समोरच्या ग्रासी आयलंडवर किल्ल्याचे अवशेष आहेत, संग्रहालय किनाऱ्यावर. १७२० च्या दशकात न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचे, कोळी इथे उन्हाळी कॉड माशांसाठी गर्दी करायचे. १७४४ मध्ये लुईबर्ग या आपल्या किल्ल्याहून फ्रेंच आले आणि त्यांनी सगळं जाळलं. दुसऱ्याच वर्षी न्यू इंग्लंडच्या विल्यम पेपरेलचं चारएक हजारांचं सैन्य इथेच बर्फ वितळायची वाट बघत तळ ठोकून राहिलं, आणि मग जाऊन लुईबर्ग घेतलं. २०१२ मध्ये कॅन्सोने आपला शहराचा दर्जाही सोडला, नगरपालिका गाईजबरो जिल्ह्याच्या नगरपालिकेत विलीन झाली. मासळी गेली की काय होतं ते रस्त्यावरची बंद दुकानं सांगतात. आता जवळच रॉकेट सोडायचा तळ उभा राहतोय. गावकऱ्यांमध्ये त्यावर दोन तट आहेत, चहाच्या टेबलावर आम्ही दोन्ही ऐकले.

परतीच्या वाटेवर हाफवे कोव्हला एक स्मारक आहे. हेन्री सिंक्लेअर नावाचा स्कॉटिश सरदार १३९८ मध्ये, म्हणजे कोलंबसाच्या शंभरेक वर्षं आधी, इथे उतरला म्हणे. आधार काय, तर १५५८ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेली काही पत्रं, जी अभ्यासक बनावट मानतात. थांबायला जागा, दगडी काम, समुद्राचा देखावा, सगळं उत्तम. जो बहुधा आलाच नाही त्याला एवढा दगड, आणि ब्राउनस्प्रिग्जच्या माणसांच्या वाट्याला दोन कचरा डेपो. मी तिथे केळं खाल्लं आणि निघालो.

इथून दिसणारा शेडाबक्टो उपसागर निळाशार वाटतो. ४ फेब्रुवारी १९७० ला ॲरो नावाचं तेलवाहू जहाज सर्बरस खडकावर आपटलं आणि दहा हजार टनांच्या आसपास जड तेल याच पाण्यात सांडलं. वर्षानुवर्षं दगडांवर डांबर चिकटून राहिलं. आता डोळ्यांना काही दिसत नाही.

कॅन्सो ते गाईजबरो आणि पुढे मोनॅस्टरी डांबरी आहे, जमण्यासारखं आहे, फक्त वारा समोरून असेल तर दिवस दीडपट धरा. शाकाहारी असाल तर फ्राइज आणि चीज सँडविच यावर सहा दिवस काढायची तयारी ठेवा, पूटिनच्या (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) ग्रेव्हीत बहुधा मांसाचा रस असतो. नकाशा आधीच डाउनलोड करा. हँगर तुमच्या स्वतःच्या सायकलचा घ्या, दोन घ्या.

आणि गोचीड. रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, एकमेकांचं डोकं तपासा, लाजू नका. नोव्हा स्कोशियात लाइम रोगाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आहे. माझ्या पोटरीवर एक सापडली, तिळाएवढी, मोजे काढताना हाताला लागली म्हणून. चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ वर ओढली, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकली, आणि हॅलिफॅक्सला पोचल्यावर औषधांच्या दुकानात नेली. इथे प्रतिबंधक गोळी फार्मासिस्टच देऊ शकतो, डॉक्टरची वाट बघावी लागत नाही. पण गोचीड काढल्यावर तीन दिवसांच्या आत जायला हवं, म्हणून तारीख लिहून ठेवा.

निखिल म्हणतोय, पुढच्या जुलैत तोच ट्रेल उलट्या दिशेने करू, चढ कमी लागेल. चढ नव्हताच, डबकी होती, हे मी त्याला चारदा सांगितलं. हँगर मात्र मी मागवून ठेवलेत.